बारक्या मासळीच्या मागावर

बाबा, गेल्या महिन्यात अण्णांनी पहिल्यांदा मला तुमच्याबद्दल विचारलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, तुमचे व्याही. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुमचा विषय असा आपणहून कधी निघाला नव्हता. म्हणून वाटलं, तुम्हाला सांगावं.

माझ्या सासूबाई गेल्यावर अण्णा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे पडले. जेवायला डबा लावला होता, तो अर्धा परत जायचा. शेवटी आम्ही त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आणलं. सप्टेंबरात आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. चहा हवा का, हो. फिरायला येता का, नको. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, समोरून ऱ्हाइन वाहते आहे आणि एकदाही विचारत नाही की ही कुठून येते. ह्यांना, तुमच्या जावयांना, शनिवारीसुद्धा प्लांटवर जावं लागत होतं, आणि माझा शनिवार, तुम्हाला माहीतच नाही, माझा शनिवार पाण्यावर जातो. इथे मासेमारीला परीक्षा द्यावी लागते. मी ती दिली, फिशरायशाइन म्हणजे परवाना काढला, इथल्या मासेमारांच्या फेराइनची, म्हणजे मंडळाची, सभासद झाले. नदीने प्रवाह बदलला तेव्हा मागे राहिलेलं जुनं पात्र आहे, त्याला आल्टऱ्हाइन म्हणतात. तिथं मी हेख्ट धरते. हेख्ट म्हणजे आपल्या मरळीचा गोरा चुलतभाऊ समजा: लांबट, हिरवट, ठिपक्यांचा, बदकासारखं तोंड, आणि तस्साच लबाड. गवतात दबा धरून बसतो आणि बारकी मासळी जवळ आली की झेप घेतो.

तर अण्णांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून एका शनिवारी म्हटलं, अण्णा, तुम्ही नुसतं बाकावर बसा, मी माझं काम करते. त्यांनी नाही म्हटलं नाही. बहुधा नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

तुम्ही मला पहिल्यांदा धरणाच्या फुगवट्यावर नेलंत तो दिवस मला अजून दिसतो. मी नऊ-दहा वर्षांची. तुम्ही पाटबंधारे खात्याची गाडी कडेला लावता, काठी माझ्या हातात देता, आणि मी लगेच जेवढ्या लांब जाईल तेवढ्या लांब, मधोमध खोल पाण्यात गळ फेकते. पुन्हा फेकते. पुन्हा. तुम्ही ते बघता आणि मग एकदम रागावता. "मरळ शोधतेस होय? ती तुला दिसणार आहे का? तिचं जेवण कुठं आहे ते शोध आधी." मला रडू आलं होतं. मग तुम्ही मला काठावर पालथं झोपवलंत आणि पाणवेलीच्या कडेला दाखवलंत. सुईएवढे मासे उन्हात चमकत होते. एकदम ते फुटले, चांदीचा चुरा उडावा तसे, आणि खालून काहीतरी काळं सरकलं. त्या दिवशी आपण गळ टाकलाच नाही. घरी येऊन आईला सांगितलं, आज नुसतं बघून आलो, आणि आईने भाजायला काढलेलं खोबरं मुकाट्याने डब्यात परत भरलं.

अण्णा बाकावर बसायचे ते पहिले एक-दोन शनिवार. मग माझ्या लक्षात आलं की ते पाण्याकडे बघतात, पण पाण्यावरच्या चकाकीपलीकडे त्यांना काही दिसत नाही. मी त्यांना पाण्यावरची चकाकी घालवणारा काळा चष्मा आणून दिला, मासेमार घालतात तसला. त्यांनी तो चष्म्यावर चष्मा असा चढवला, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "अगं, इथे तर केवढी वस्ती आहे." इतके सलग शब्द मी त्यांच्याकडून बऱ्याच आठवड्यांनी ऐकले. लाल डोळ्यांचे रोटआउगे नावाचे मासे होते ते, बोटाएवढे, वेतासारख्या उंच गवताच्या बुडाशी. त्यानंतर मी गळ टाकायची आणि अण्णा काठाने फिरून मला बातम्या आणायचे. गवताशी आहेत. उन्हाकडे सरकलेत. आज वारा समोरून आहे, सगळे या काठाला लोटलेत.

ऑक्टोबर सरत आला तसं पाणी गार झालं, पाण्यातलं गवत पिवळं पडून बसलं आणि एका शनिवारी नेहमीच्या जागी काहीच नव्हतं. मी तरी सवयीने तिथंच गळ टाकत राहिले. अण्णा पुढे जाऊन आले आणि म्हणाले, इथे वेळ घालवू नकोस, सगळे उठून पुलाखाली गेलेत, तिकडे खोल आहे. आणि मग जसे वर्गात समजावत असतील तसे सांगू लागले. माळावरचा चारा संपला की धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तसंच हे. गवत गेलं, आडोसा गेला, अन्न गेलं. खोलात पाणी त्यातल्या त्यात उबदार. "आणि मेंढरं जिकडे जातात, तिकडे लांडगाही जातो. तुझा तो लबाड तिकडेच असणार."

बाबा, मी क्षणभर हातातलं काम विसरले. तुमचंच म्हणणं होतं ते, दुसऱ्या माणसाच्या आवाजात.

पुलाखाली मासळी इतकी दाट होती की पाणी गढूळ वाटावं. मी बोटाएवढा रबरी मासा त्या गर्दीतून ओढला, कितीदा तरी, आणि काही झालं नाही. अण्णांनी विचारलं, एवढं जेवण समोर आहे तर तो तुझ्या रबराकडे कशाला येईल? मी त्यांना सांगितलं की माझे वडील अशा वेळी काय करायचे. कळपाच्या मधे टाकायचं नाही, कडेला टाकायचं. इतरांपेक्षा थोडा मोठा मासा घ्यायचा, आणि ओढायचा हळू, मधेमधे थांबून, बुडू द्यायचा, दमल्यासारखा. "ते म्हणायचे, पळणाऱ्याच्या मागे मरळ धावत नाही. मागे राहिलेल्याला धरते."

"मागे राहिलेल्याला," अण्णा म्हणाले, आणि पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

मी तळहाताएवढा रबरी मासा लावला, कळपाच्या कडेला टाकला, ओढला, थांबले, बुडू दिला. तिसऱ्या थांब्याला दोरी जड झाली, आणि मग काठी वाकली. लांब दांड्याचं जाळं अण्णांच्या हाती देण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी ते नीट पाण्याखाली धरलं, घाई केली नाही, आणि मासा आत आल्यावर दोन्ही हातांनी उचललं. चांगला मोठा हेख्ट होता. अण्णांचे हात ओले, धाप लागलेली. म्हणाले, आता सोडून देणार ना? मला सांगणं भाग होतं. इथला कायदा तसा आहे, खायचं असेल तरच धरायचं, मापात बसणारा मासा गंमत म्हणून धरून सोडला तर तो छळ मानतात.  ते म्हणाले, "बरोबर आहे कायदा. उगाच त्रास कशाला द्यायचा कुणाला." आणि माझं काम होईपर्यंत पलीकडच्या झाडांकडे तोंड करून उभे राहिले.

परतीच्या वाटेवर, गाडीत, त्यांनी विचारलं. तुझे वडील गळ टाकायचे, ते लग्न ठरवायला आम्ही आलो तेव्हाही टाकायचे का? बाबा, तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. आईने पहाटेपासून स्वयंपाकघर लिंबाने घासलं होतं, पातेली नवी आणली होती, सगळं शाकाहारी केलं होतं, तरी ही मंडळी नुसतं पाणी पिऊन उठली. तुम्ही काठ्या पलंगाखाली सरकवून ठेवल्या होत्या आणि दिवसभर पुलाच्या टेंडरांवर बोलत होतात, ज्यात तुम्हाला स्वतःलाही रस नव्हता. मी म्हटलं, हो अण्णा, टाकायचे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पलंगाखालून एक टोक बाहेर आलं होतं. मला दिसलं होतं. विचारलं असतं, तर बोलायला काहीतरी विषय झाला असता. मी विचारलं नाही."

  मला त्यांचा राग यायला हवा होता, आईच्या त्या न उष्टावलेल्या पातेल्यांसाठी तरी. पण शेजारी ओले बूट घालून बसलेला म्हातारा माणूस बघून राग काही आला नाही.

घरी मी आईसारखं कांदा-खोबऱ्याचं वाटण करून, आमसूल टाकून कालवण केलं. मासा आणला की अण्णा आपल्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. त्या दिवशी ते स्वयंपाकघरातच टेबलापाशी बसले. त्यांच्यासाठी वरण-भात होता. हे प्लांटवरून आले, टेबलाकडे बघून दारातच थबकले. वडिलांसमोर त्यांनी तोवर कधी मासा खाल्लेला नव्हता. अण्णांनी मान वर न करता सांगितलं, "वाढून घे रे. गार होईल."

पुढच्या आठवड्यात अण्णांचा व्हिसा संपतो. पुण्याला त्यांच्या बहिणीकडे राहायची सोय झाली आहे. परवा त्यांनी बहिणीला फोनवर ऱ्हाइन कुठून निघते आणि समुद्राला कुठे मिळते ते सगळं समजावून सांगितलं. मग मला विचारलं, तुझे वडील फुगवट्यावर कुठल्या बाजूला बसायचे, पूर्वेला की पश्चिमेला? मी सांगितलं, पूर्वेला, सकाळी ऊन पाठीवर यायचं म्हणून.

एक गोष्ट मात्र तुम्हाला समोर बसून सांगता आली नसती, म्हणून हे पत्र कुठे जायचं नाही तेच बरं. मासा मिळाला नाही त्या शनिवारी आम्ही तिघं एकाच पातेल्यातलं जेवायचो. अलीकडे गळ कोरा आला की मला आतून बरं वाटायला लागलं होतं.