तीन चांगल्या गोष्टींची वही

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज दुपारी सव्वाचारला वॉर्डच्या हेड नर्स मॅडमनी आमच्या स्नेहाच्या वहीतलं पान फाडलं. भाची माझी, नर्सिंग संपवून नुकतीच इथे पनवेलच्या हॉस्पिटलात लागली, माझ्याकडेच राहते. नव्या मुलींनी ड्यूटी संपताना रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मन प्रसन्न राहतं म्हणे. मग वही मॅडमना दाखवायची कशाला? आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहातल्या ननही पत्रं फोडून वाचायच्या, पण त्याला आनंद म्हणत नव्हत्या.

स्नेहानं लिहिलं होतं, "आज वॉर्डात मी एकटीच होते, तरी कुणाला चुकीचं औषध दिलं नाही." चांगलीच गोष्ट की! मॅडम म्हणाल्या, "हे निगेटिव्ह आहे गं बाळा," आणि पान फाडून ड्रॉवरमध्ये ठेवलं. कचऱ्यात नाही, ड्रॉवरमध्ये. का?

"मावशी, तू मध्ये पडू नकोस. मला नोकरीत कायम करायचं अडवतील."

"बाकीच्या काय लिहितात?"

"चहा छान होता."

रोज? तो चहा मी प्यायले आहे.

तो ड्रॉवर डोक्यातून जात नाही. उद्या खरंच काही चुकलं, तर ते पान कुणाविरुद्ध बाहेर काढतील? मॅडमविरुद्ध नक्कीच नाही.

उद्या हॉस्पिटलच्या ऑफिसात अर्ज देणार, त्यात स्नेहाचं नाव घालणार नाही. गेल्या महिन्यात मी त्याच वॉर्डात चार दिवस पडून होते, म्हणून पेशंट या नात्यानं विचारीन: तिथे दुसरी नर्स कोणत्या तारखेपासून देणार? उत्तर लेखी, सहीशिक्क्यासह, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.