तळघरातला फेस

प्रिय लमिया,

फोनवर तू आधी रक्तदाब विचारतेस, मग गोळ्या विचारतेस, आणि माझं बोलायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. तुझ्या भावाने बैरूतहून तुला काय काय कळवलं असेल त्याचा मला अंदाज आहे. पण तळघरात बाटल्या फुटल्या तेव्हा तो नव्हता, मी होते.

तुझे बाबा गेल्यापासून तळघरातली अरकाच्या दारूची भट्टी थंडच होती. गेल्या हिवाळ्यात नसीब मास्तर तळघर मागायला आले. हो, तेच, तुम्हाला शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. आता निवृत्त, एकटे, आणि घरी बिअर करायचं वेड लागलेलं. त्यांच्याकडे जागा नाही म्हणे. त्यांचं घर आपल्याहून मोठं आहे हे मला माहीत होतं, तरी मी किल्ली काढून दिली.

बिअर आंबून तयार झाली, पण चव कशी, तर फेकायला विसरलेल्या पाण्यासारखी. मी म्हटलं, "मास्तर, फेस कुठंय?" ते खुललेच. "अहो वदादबाई, फेस आता भरायचा! बाटलीत जराशी साखर घालून बूच ठोकायचं. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. वायूला बाहेर वाट नाही, मग तो बिअरमध्ये मुरतो." उरलेली बिअर त्यांनी स्टीलच्या पिंपात भरली. पिंप जुन्या फ्रिजमध्ये आणि त्याला वायूच्या सिलिंडरची नळी.

बाटल्यांची साखर ते औषधाच्या तराजूवर मोजत होते. मला बघवेना. पाहुण्याच्या कॉफीतसुद्धा मी इतकी कंजुषी करत नाही. त्यांची पाठ वळली की मी बाटलीत आणखी एक चमचा ढकलायची.

उन्हाळा चढला. एका सकाळी शेजारणी कॉफीला जमल्या होत्या. सुआद माझा कप पालथा घालून कॉफीच्या गाळात भविष्य बघत होती. "वदाद, तुझ्या घरात मला एक पुरुष दिसतोय," असं ती म्हणते न म्हणते तोच खाली धडाम! आपल्याकडे असा आवाज झाला की कुणी विचार करत बसत नाही. सगळ्या टेबलाखाली. एकीमागून एक बाटल्या फुटत होत्या. मग जिन्याचं दार उघडलं आणि मास्तर वर आले. फ्रिजच्या आड होते म्हणून खरचटलंही नव्हतं, पण नखशिखांत फेस, आणि पायात तुझ्या बाबांच्या सपाता. म्हणाले, "वदाद, किती चमचे?"

नुसतं 'वदाद'. 'बाई' गळालं होतं, आणि ते टेबलाखाली सगळ्यांनी ऐकलं. सुआद म्हणाली, "बिअरचं जाऊ दे गं, मास्तर कधीपासून मुरतायत तुझ्या तळघरात?"

रविवारी तौफीक आला. "आई, या वयात! लोक माझ्या तोंडावर हसतात. ते पिंप उद्याच्या उद्या बाहेर गेलं पाहिजे!" रागारागाने त्याने पिंपाचा नळ ओढला. आत दाब जास्त होता, सगळा फेस त्याच्या नव्या शर्टावर. मला हसू आवरलं नाही. पोरगा न जेवता निघून गेला गं. भरलेली वांगी ताटात तशीच.

दुसऱ्या दिवशी मास्तर मुकाट्याने पिंप न्यायला आले. हात लावला आणि मागे घेतला. "आज नाही हलवता येणार. वायू आत्ता कुठे मुरायला लागलाय. त्याला निवांत राहू द्यायला हवं."

"किती दिवस?"

"तुमची हरकत नसेल तितके."

मी म्हटलं, "मग पिंपही राहू दे, आणि तुम्हीही राहा."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसतच बसले. सिलिंडरवाल्याकडून मला नंतर कळलं, पिंप हलवलं तर वायू उलट लवकर मुरतो. भौतिकशास्त्राचा मास्तर माझ्याशी धादांत खोटं बोलला होता!

द्राक्षतोडणी आटोपली की आम्ही लग्न करतोय. चर्चमध्ये सांगून झालंय. परवानगीसाठी हे लिहीत नाही. भावाची समजूत घाल असंही म्हणत नाही, त्याचा राग त्याचा तो उतरवेल. पण वेदीपुढे माझ्या शेजारी उभं राहायला कुणीतरी हवं. सुआदने तर पोशाखही शिवायला टाकलाय. मला मात्र करवली म्हणून माझी लेक हवी. तू तिकीट काढलंस की लगेच कळव, म्हणजे मी सुआदला नाही म्हणायला मोकळी.

तुझीच,
लग्नाळू आई