हसू एकाच बाजूला

१८ जून
चहा सांडला. कपातून नाही — तोंडातून! ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून सरळ ओढणीवर. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा उतरलेला. डावा डोळा मिटेना. आई किंचाळलीच.
डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. "ठीक हो जाएगा. कब, वो नस से पूछो." स्वतःच हसले. मला हसता आलं नाही — खरोखरच.

२१ जून
प, ब, म. ओठ मिटल्याशिवाय येतच नाहीत. इतकी वर्षं लोकांना इंग्रजी बोलायला शिकवतेय आणि आज रिक्षावाल्याला "बस" म्हणता येईना! गोळ्या, डोळ्याला पट्टी, शिवाय फुगा फुगवायचा व्यायाम. सगळी हवा डावीकडून निघून जाते. फुगा फेकून दिला.

२६ जून
क्लासला गेले. जायलाच नको होतं.
आज समानार्थी शब्द. जिंकल्याच्या आनंदाचे — इलेटेड, ज्युबिलंट, एक्झल्टंट. ट्रायम्फंट म्हणताना थुंकी उडाली, पहिल्या बाकावर. तरी रेटलं. मग मीच हौसेने फळ्यावर लिहिलं — कॉक-अ-हूप. मजेदार शब्द आहे. विजयाने फुललेला असाही अर्थ, आणि वाकडातिरका असाही. आदित्य म्हणाला, "मैडम, एक ही वर्ड में दोनों? टेढ़ा मतलब कैसा टे—" आणि माझ्याकडे बघून थांबला. सगळ्यांनी वहीत डोकी घातली.
"मेरे मुँह जैसा," मी म्हटलं. वाटलं, हसतील. हसले असते तर बरं झालं असतं!

३० जून
क्लासचे मालक शैलेंद्र सर. खुर्ची दिली, चहा मागवला — तेव्हाच समजले. "आप आराम कीजिए ऋता मैडम. ठीक होते ही आपकी कुर्सी आपकी."
निघताना बघितलं. बाहेरच्या फ्लेक्सवरून माझा फोटो गेलासुद्धा.

४ जुलै
फुगा. नाही.

१० जुलै
मावशीकडे बारसं. आई म्हणाली, फोटोत जरा तिरकी उभी राहा, उजवा गाल पुढे. मी गेलेच नाही. आल्यावर म्हणते, "उगाच चिडून राहिलीस." उगाच?

१५ जुलै
क्लासमधली पूजा घरी आली. भैरवगढची, मागच्या बाकावरची. वर्षभरात तिचा आवाज ऐकला नव्हता! हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरीसाठी अर्ज केलाय, मुलाखत इंग्रजीत. मी म्हटलं, तिथे आता नवीन मॅडम आहेत ना. तर म्हणाली, "वो तो फर्राटे से बोलती हैं. आपके सामने डर नहीं लगता. अब आप भी अटकते हो ना."
इतका राग आला! म्हणजे माझं वाकडं तोंड हिच्या सोयीचं? पाणी तेवढं दिलं. तिनेच सुरू केलं, "माय नेम इज..." अडकली. मी दुरुस्त करायला गेले तर माझाच 'प' फसला. पुन्हा ती, पुन्हा मी. शेवटी ती हसली. मीही — अर्धीच.

२१ जुलै
सोमवार, महाकालची सवारी, रस्ते बंद. वाटलं, येणार नाही. आली — घामाघूम, बराच रस्ता चालत. आज न थांबता बोलली. सासरबद्दल, कापडावरच्या छापकामाने निळ्या झालेल्या वडिलांच्या हातांबद्दल. मी मध्ये टोकलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला इंग्रजी ओ की ठो कळत नाही!

५ ऑगस्ट
मी हॉटेलातली पाहुणी झाले, पूजा काउंटरवर. मुद्दाम भांडले — खोली घाण आहे, एसी बंद आहे. तिने मला गप्प केलं, चक्क इंग्रजीत! मग दोन्ही हात वर करून खोलीभर नाचली.
ती गेल्यावर आरसा. डोळा आता मिटतो, ओठ तसाच. ती कुठल्या कुठे पोचली, मी आहे तिथेच. आरसा भिंतीकडे वळवून ठेवला.

९ ऑगस्ट
पूजा नणंदेकडे देवासला. बाळंतपण आहे म्हणे. आत्ताच व्हायचं होतं? मुलाखत तोंडावर आलीय!

१९ ऑगस्ट
प! ब! म! सगळे आले. दोन्ही गाल सारखे. आईने शिरा केला आणि माझे फोटोच फोटो काढले, समोरून. शैलेंद्र सरांचा फोन — "सोमवार से आ जाइए." मी हो म्हटलं. लगेच हो म्हटलं.

२३ ऑगस्ट
पूजा देवासहून आली. मी दारातच भराभर इंग्रजीत तिचं स्वागत केलं, कुठेही न अडखळता. ती बघत राहिली. "मैडम, आप तो एकदम पहले जैसे हो गए."
समोर बसली. मी विचारलं, टेल मी अबाउट युअरसेल्फ.
मान खाली. एक शब्द नाही.
मुलाखत शुक्रवारी आहे.