समुद्राच्या तळातली वस्ती

अरबी समुद्र, संशोधन जहाजावरून
१२ जानेवारी २००४

तीर्थरूप अण्णा,
हलत्या जहाजावरून मृण्मयीचा न डगमगता नमस्कार.

मी मजेत आहे, उलट्याही थांबल्या. पण भूकंपापासूनची आपली सवय सुटत न्हाई बघा! केबिनमध्ये तांब्यावर पेला पालथा ठेवला, हादरा बसला तर पडून जाग यावी म्हणून. पहाटे लाटेनं तो पडला आणि मी ओरडत डेकवर पळाले. सगळे लई हसले.

आज समुद्राच्या तळातल्या खोल दरीत कॅमेरा सोडला. तिथं हजारो जेलीफिश, छत्र्या उघडत-मिटत निवांत! तुमच्या लातूरच्या क्लासमध्ये शिकवताना तुम्ही जीवशास्त्राचं हेच पान सोडायला लावायचात, परीक्षेत येत न्हाई म्हणून.

आई अजून अंगणातच झोपते का? भूकंपाला दहा वर्षं झाली. तिला सांगा, जमिनीच्या एवढ्या मोठ्या भेगेत मी आज नांदती वस्ती पाहिली.

तुमची,
मृण्मयी