राजीनाम्याला लावलेली चाल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, उभ्याउभ्याच, कारण बसवत नाही. तुझी कंबर आता कशी आहे? नव्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीला धड पाठ आहे का, की अजून उशीच लावतेस? इकडे सगळं ठीक. (ठीक म्हणजे मी जेवतो आणि कामावर जातो.) हे पत्र गोदामात, गादी-तपासणीच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहितोय. मध्येमध्ये उठून गाद्या दाबून याव्या लागतात, तेव्हा कुठे तार तुटल्यासारखी वाटली तर सांभाळून घे.

पहिली गोष्ट, मी भाऊजींवर रागावलेलो नाही. अजिबात नाही. (हे वाक्य तीनदा खोडून लिहिलंय.)

तुला ठाऊकच आहे, आमच्या पोस्ट-हार्डकोर बँडला अकरा वर्षं झाली. लोकांना हा प्रकार समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. यात गाणारा, म्हणजे आमच्यात भाऊजी, गात नाही, जीव तोडून ओरडतो. गिटार त्याच्याशी भांडते. आणि ड्रमवर बसलेला मी ते भांडण मिटू देत नाही. गिटारवर गणिताच्या मॅडम. त्यांना चार मात्रांचं काहीही अळणी लागतं, म्हणून आमची गाणी सात नाहीतर अकरा मात्रांची. बास वाजवणारा एक होता, तो सोडून गेला हे आमच्या दोन रविवारांनी लक्षात आलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

आता भाऊजी पडले दिवसभर लोकांना ऐकण्याची यंत्रं बसवून देणारे. आमच्या कानांची त्यांना आमच्यापेक्षा जास्त काळजी. आमच्या कानांचे साचे घेऊन त्यांनी स्वतः रबरी बोळे बनवले, आणि माणूस कामाला पक्का, त्यामुळे बोळेही पक्के. ते घातले की ड्रमचा हादरा तेवढा पोटात कळतो, बाकी सगळं सामसूम. दर रविवारी सकाळी गाद्यांच्या थप्प्यांमध्ये आमची तालीम होते ती अशी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, माना डोलावत.

तुझी बदली झाली तेव्हा मला वाटलं, तू दोन वर्षं काढून परत येशील, तोवर भाऊजी इथेच ओरडत राहतील. भाऊजींनी मात्र मुकाट्यानं दुकान आवरून तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं. त्यांचा भिडस्तपणा तुला मी काय सांगू. दुकान बंद झालं हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही म्हणून अर्धा अर्धा तास बसून राहणारा माणूस. आम्हाला साध्या आवाजात सांगायचा धीर होईना, म्हणून त्यांनी ते माइकवर सांगितलं. नव्या गाण्याच्या मधोमध, डोळे मिटून, मानेच्या शिरा ताणून. आम्ही माना डोलावल्या. (आम्ही कशालाही डोलावतो, ताई.) त्यांना वाटलं, आम्ही मोठ्या मनानं निरोप दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी मला खूण केली, आज स्वारी रंगात आहे. पुढच्या रविवारी आम्हीच त्यांना खुणेनं सांगितलं, ते तसलंच पुन्हा होऊ द्या.

मग ते बोळे घालूनच रेकॉर्ड केलं, इंटरनेटवर टाकलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आमचं काहीतरी लोकांना आवडलं. परवा एका बंद पडलेल्या गॅरेजात कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं, सगळ्यांना गाणं तोंडपाठ. शेवटी तर भाऊजींनी माझ्याकडे हात केला आणि सगळे माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होते. मला वाटलं, आपलं नाव झालं. मी एक काठी हवेत फिरवूनसुद्धा दाखवली.

काल मॅडमनी अल्बमच्या कव्हरवर छापायला शब्द हवेत म्हणून बोळ्यांशिवाय ते गाणं ऐकलं आणि फळ्यावरच्या अक्षरात उतरवून आणलं. शब्द असे: मी एकतीस तारखेला जातोय. गोदामाची दुसरी किल्ली मॅडमच्या गिटारच्या खोक्यात आहे. बोळे दर आठवड्याला कोमट पाण्यात धुवा. आणि शेवटची ओळ, जी चारदा येते आणि जी ती चाळीस माणसं मुठी आवळून ओरडत होती: धाकट्याला सांभाळा, त्याला दुसरं काहीच नाही.

ताई, मी तपासणीच्या गादीवर आडवा झालो. रडलो म्हण हवं तर. माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि मी त्याला दणकून ताल दिला होता.

तसाच उठून दुकानात गेलो. अर्धं दुकान खोक्यांत भरलेलं. भाऊजी म्हणाले, तुम्ही सगळं किती समजुतीनं घेतलंत रे. मी म्हणालो, हो. मग चहा घेतला. तूही त्यांना यातलं काही सांगू नकोस. माझी काळजी नको, रविवारी सकाळी मी पोहायला शिकायचा विचार करतोय.

औषधं वेळेवर घे. बाकी तुला न सांगता कळतंच.

तुझा,
धाकटा

ता. क. आम्हाला पहिल्यांदाच दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय, पाच तारखेचं. हेच गाणं हवंय त्यांना. भाऊजी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. एक आठवडा त्यांना थोपवून धर, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

ता. क. २. वरचं खोडलं असं समज. अकरा वर्षांचे रविवार तू घरात एकटीनं काढलेस, हे आत्ता गाद्या दाबताना डोक्यात आलं. येऊ दे त्यांना. फक्त तिकडे कुठल्या गोदामाला माणूस हवा आहे का, तेवढं सहज विचार. सहज म्हणजे उद्याच.

ता. क. ३. पाकीट बंद करताना मॅडम आल्या आणि त्यांनी हे पत्र वाचलं. मग विचारलं, तुझ्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे का. धाकट्याला सांभाळायचं काम त्यांच्यावर सोपवलंय, ते इथे बसून कसं होणार, असं त्यांचं म्हणणं. अर्ज सोबत जोडलाय.