हौदातली माणसं

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे! सामान लावता लावता बाबांनी दोन कप फोडले आणि वर मलाच दरडावलं, की कपाट बुटकं आहे. घर लहान, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट लॉकगेट दिसतं. मधे खोल दगडी हौद, दोन्ही टोकांना लोखंडी दरवाजे. वरून बोट आली की हौद भरायचा, तिला आत घ्यायचं, मग पाणी सोडून अलगद खालच्या नदीत उतरवायचं. आता हे काम माझं. दरवाजांच्या चाकाशी बाई पाहून लाँचवाले काका असे दचकले, की लाँच भिंतीला घासली. आई गेल्यापासून बाबा आज पहिल्यांदा पोटभर हसले.

९ ऑक्टोबर
माझ्या आधी हे चाक सांभाळणारे मास्तर चहाला आले. पूर्वी इथे नदी खडकांवरून कोसळायची म्हणे. बोटी रिकाम्या करून माल डोक्यावरून खाली न्यायचा. लॉकगेट झालं आणि गावाची बाजारपेठ झाली. पुढे रस्ता आला, बोटी आटल्या. मास्तर रंगात आले होते. बाबा जन्मभर गवंडी, त्यांनी विचारलं, बांधताना माणसं गेली का? मास्तरांनी कप खाली ठेवला. गवंडी तळाची फरशी बसवत असताना वरचा मातीचा बांध फुटला. खालचा दरवाजा उघडला असता तर पाणी निघून गेलं असतं. पण पलीकडे सिमेंटच्या बोटी उभ्या होत्या. साहेबाने उघडू दिला नाही. त्यांच्या बायका शेवटपर्यंत काठावरून हाका मारत राहिल्या.
बाबा जेवले नाहीत.

१५ ऑक्टोबर
बाबा दिवसभर कठड्याशी असतात. मी हौद भरायला घेतला की कान झाकतात. आज म्हणाले, "तू चाक फिरवतेस ना, तेव्हा ते पुन्हा बुडतात गं."
मी रागावले. काहीतरीच डोक्यात घेऊन बसता, म्हटलं.
दुपारी मलाही ऐकू आलं. पाण्याच्या आवाजाखाली, दगडावर गवंड्याची थापी आपटल्यासारखं. आधी सावकाश. मग फार घाईने. पाणी काठाला आलं आणि ठोके थांबले.

१९ ऑक्टोबर
मास्तरांकडे गेले. त्यांनाही ऐकू यायचं. म्हणाले, बोटी थोड्याच थांबवता येतात? आणि रडले. एवढा म्हातारा माणूस.

२२ ऑक्टोबर
बाबा गेले.
सकाळी लाँचचा भोंगा झाला. मी चाक फिरवलं. ठोके आज फार जवळून — ऐकायचे नाहीत म्हणून रेडिओ मोठा केला. हौद भरल्यावर आत उतरायच्या शिडीच्या तोंडाशी त्यांच्या चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या. त्या माणसांना वर काढायला उतरले होते.
आणि मी —

२३ ऑक्टोबर
हौद रिकामा केला. पाणबुडे खालच्या नदीतही शोधून आले. बाबा कुठेच नाहीत.

२९ ऑक्टोबर
आज बोट होती. ठोक्यांत एक ठोका बाबांचा. मी त्याच आवाजात लहानाची मोठी झाले, मला कळतो. मग हाक. "चिमे, थांब —"
चाक अर्ध्यात सोडून पळाले. पाणी चढतच राहिलं.

१ नोव्हेंबर
चाकाला कुलूप. बोटी परत पाठवल्या. बदलीचा अर्ज दिला. पण मी गेले तर बाबांजवळ कोण —

३ नोव्हेंबर
भोंगा. थांबतच नाही. लाँचवाल्या काकांची सून बाळंतपणात अडली आहे. दवाखाना खालच्या अंगाला, रस्त्याने नेईपर्यंत ती टिकायची नाही. काका हात जोडतायत.
हौद रिकामा. तळाशी सगळे उभे. आज ठोके नाहीत. माना वर करून बघतायत. बाबा पुढे. हातानेच म्हणाले, भर.
कुलूप काढलं. चाक फिरवलं.
चढतंय. नुसतं बघवत नाही म्हणून लिहितेय. पण काठ सोडणार नाही. त्या बायकांनीही सोडला नव्हता.
गुडघे. कंबर —
बाबा हसले.
छाती. बाबा, मी इथेच आहे. इकडे बघा, माझ्याकडे, मी