विठाताईच्या मांडीवर न दिलेलं बाळ

ती. विठाताई, अंबरनाथहून धाकट्या नाथाचा तुझ्या पायांवर माथा.

हिशेब केला. गावानं तुला चेटकीण ठरवल्याला बावीस वर्षं झाली, आणि तेवढ्या वर्षांत एकाही बाईनं आपलं बाळ तुझ्या मांडीवर दिलं नाही. तुझा गुन्हा काय, तर तुला झाडपाला कळायचा आणि तू सरपंचाला तोंडावर बोललीस.

इकडे ठीक आहे. आनंदनगरच्या वर्कशॉपात चौथं मशीन आलं. तुझे गुडघे कसे आहेत?

आपली शलाका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते ना, ती परवा म्हणाली, "बाबा, चेटकीण ही माणसाच्या मनाच्या तळाशी बसलेली फार जुनी प्रतिमा आहे. एकटी, कुणाला न घाबरणारी बाई दिसली की लोक ती तिच्यावर चिकटवतात."

मी ऐटीत म्हटलं, "आपल्या घरात हे कुणी मानलं नाही."

"मग माझ्या बाळाच्या बारशाला विठाआत्या का नव्हती?"

"तिचे गुडघे दुखतात."

ती बाळाला घेऊन आत गेली.

ताई, शलाकाला मुलगा झाला, हे तुला या पत्रातूनच कळतंय.

तुझा,
नाथा